मनोऱ्यातला पिंपळ आणि आपलं भांडण

सेलू, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी सवय शाळेपासूनची. पण या वेळी तू हद्द केलीस.

आपलं शेवटचं बोलणं मनोऱ्यावरूनच झालं. दुसऱ्या कशावरून होणार? माझा नवरा, तुझा भाऊ, दोघींचे गुडघे, अंधेरीची धूळ, सगळं बोलून झालं की आपली गाडी तिथेच यायची. तुमच्या जुन्या देवळाच्या उरलेल्या मनोऱ्यावर आणि त्याच्या डोक्यात उगवलेल्या पिंपळावर. चर्चला तुम्ही देऊळच म्हणता, आणि इतकी वर्षं तुमच्यात राहून मीही तेच म्हणते. मी म्हणायचे, पिंपळ काढा, नाहीतर तो मनोरा फोडेल. तू म्हणायचीस, पिंपळानेच मनोरा धरून ठेवलाय, त्याला हात लावलात तर सगळंच खाली येईल. घरी तुळस लावणारी मी झाडावर उठलेली आणि गळ्यात क्रूस घालणारी तू पिंपळाची वकील. गावठाणातले लोक आपल्याला हसायचे.

त्या दिवशी सकाळी फोनवर मी जरा जास्तच तापले होते. म्हटलं, "उद्या कुणाच्या डोक्यात दगड पडला म्हणजे?" तू म्हणालीस, "आजवर कोनाच्या पडलाय गो?" आणि फोन कापलास.

त्याचं मला काही वाटलं नाही. फोन कापणं हा तुझा विरामच होता. थोड्या वेळाने तुझा परत फोन यायचा आणि मागचं काही न काढता तू एवढंच विचारायचीस, "जेवलीस काय गो?" मी म्हणायचे, "जेवले." की भांडण फडताळात ठेवलं जायचं, पुढच्या वेळी काढायला. मी जेवले नसले तरी जेवले म्हणायचे. तुलाही ते कळत असणार.

दुपारी फोन आला. नाव तुझं. मी राग धरून बसले होते, म्हणून तू तोंड उघडायच्या आधीच म्हटलं, "नाही जेवले, जा!" पलीकडे तुझा भाऊ डॉम रडत होता. अंगणात मसाल्यासाठी मिरच्या भाजत होतीस, तिथेच कोसळलीस. मिरच्यांचा ठसका लागला असेल म्हणून घरातल्यांनी आधी पाणीच आणलं. डॉमला माझा नंबर पाठ नव्हता, म्हणून त्याने तुझ्याच फोनवरून लावला. त्या बिचाऱ्याला मी काय बोलले ते त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे. मी त्याला अजून विचारलेलं नाही.

मरायची एवढी काय घाई होती तुला? मसाला भरायच्या बाटल्या धुऊन उन्हात उलट्या ठेवल्या होत्या. मसाला अर्धा कुटून झाला होता. तुझ्या अँजीचं, डॉमच्या मुलीचं, लग्न तोंडावर आलं होतं. आणि आपलं भांडण ऐन रंगात होतं.

रोज मनात तुला काहीतरी सुनावते. मग आठवतं की ऐकायला तू नाहीस, आणि हातातलं काम तसंच राहतं. आज बसून सगळं सांगायचं ठरवलंय. कारण तू गेल्यानंतर मनोऱ्याचा निकाल लागला. तो मी लावला.

आधी थोडं मागे जाते.

बाबांची गिरणी बंद पडली आणि आम्ही परळ सोडून तुमच्या माडीवर भाड्याने आलो तेव्हा मी त्या गल्लीत कुणाशी बोलायचे नाही. परळची चाळ सुटली म्हणून सगळ्या जगावर रुसले होते. खाली तुझी आई माझ्या आईला "गो" म्हणून हाक मारायची आणि माझी मालवणी आई तिला "गो" म्हणूनच उत्तर द्यायची. त्या दोघींचं एका दिवसात जुळलं. तू मात्र जिन्यात माझी वाट अडवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आमचा मनोरा बगलास काय?" जसा काही तो तुझ्या खिशात होता.

गावाच्या मागे गाळ्यांचं कंपाउंड होतं, त्यात प्लास्टिकची खेळणी, बॅटऱ्या, असलं काय काय बनायचं. त्या गाळ्यांच्या पाठीमागे, भंगाराच्या ढिगाशेजारी, तो उभा होता. तू सांगितलंस, पोर्तुगीजांच्या काळात इथे देऊळ होतं, शेतं होती, मग साथ आली, माणसं पटापट मेली आणि उरली ती जागा सोडून आत्ताच्या गावठाणात आली. घंटा बैलगाडीत घालून नव्या देवळात नेली. छप्पर गेलं, भिंती लोकांनी घरांच्या पायात घातल्या. मनोरा तेवढा राहिला. तीन मजली, काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला. त्याच्या पायथ्याशी विहीर. तिला तू बाव म्हणायचीस.

तुटक्या जिन्याने तू मला वर नेलंस. घंटेच्या कमानीत तेव्हा पिंपळाचं नुसतं रोप होतं, दोन-चार पानांचं. तू कमानीतून डोकं बाहेर काढलंस आणि बेंबीच्या देठापासून ओरडलीस, "ढाण! ढाण! या रे सगले!" खाली एक गाळेवाला शिव्या देत बाहेर आला आणि आपण हसून हसून जिन्यावर बसलो. परळ सुटल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चढून बसली असतीस.

तेव्हाच ते रोप उपटायला हवं होतं, असं मी पुढे तुला हजारदा म्हटलं असेल. तू म्हणायचीस, "मग उपटायचं होतंस. तुज्या हाताशी तर होतं."

मी मोठी झाले, बांधकामाच्या एका ऑफिसात नकाशे काढायला लागले, तेव्हापासून मला मनोरा बघितला की आधी भेगाच दिसायच्या. तुला भेगा दिसायच्याच नाहीत. तुला माणसं दिसायची. कुणाच्या लग्नाचं उंबराचं पाणी कसं आलं, कुठल्या आजीने कुठलं गाणं म्हटलं, बँडवाला पिऊन कसा आडवा झाला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी गावातल्या बायका वाजतगाजत त्या विहिरीवरूनच आणणार, ही तुमची रीत, तेच उंबराचं पाणी. नळ आले, टाक्या आल्या, फ्लॅट आले, पण पाणी तिथलंच. तू लग्न केलं नाहीस. तुझ्यासाठी त्या विहिरीवरून घडा कधी आला नाही. पण दुसऱ्या प्रत्येक मुलीसाठी पहिला घडा ओढायला तू पुढे. एकदा कुणीतरी कुजबुजलं की बिनलग्नाच्या बाईने पहिला घडा कशाला ओढायचा. तू दोर तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, "घे, ओढ तू. बगू, ओढनारीचं लगीन झालंय का नाय, ते घडा वलकतो का." तिने परत कधी तोंड उघडलं नाही.

आणि ती सिमेंटची गंमत. देवळाच्या तरुण मुलांनी सणाच्या आधी उत्साहाने मनोऱ्याचा खालचा मजला सिमेंटने लिंपून पांढरा रंग फासला. सगळ्यात पुढे डॉम. इतकं प्रेमाने केलं होतं बिचाऱ्यांनी, की त्यांना रागवायची सोय नव्हती. मी सांगितलं, चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे गोधडीवर प्लास्टिक, आत ओल कोंडेल आणि दगड सुटतील. तुला पटलं. त्या एकाच वेळी आपलं एकमत झालं. आपण दोघी मे महिन्याच्या उन्हात छिन्नी-हातोडी घेऊन ते सिमेंट खरवडत बसलो. डॉम बाजूला उभा राहून म्हणत होता, "मी केलं ते सगलंच वाईट काय?" तू म्हणालीस, "नाय रे, रंग चांगला होता." तुझ्या भावाला आजही वाटतं की तू ते खरं बोललीस.

पिंपळ मात्र वाढत गेला. मुळं वरच्या मजल्यावरून दोन्ही बाजूंनी खाली उतरली आणि दगडांना विळखा घालून बसली. गाळ्यांतल्या कामगारांनी त्याला दोरे गुंडाळले, खाली हळदकुंकू वाहिलं, कोनाड्यात गणपतीची टाइल बसवली. तुमच्यातल्या काहींना ते खपलं नाही. तू त्याच कोनाड्यात शुक्रवारी मेणबत्ती लावायला लागलीस. एकदा तिथल्या वॉचमनला मी विचारलं, झाड कापायला माणूस मिळेल का, तर तो कान पकडून म्हणाला, पीपल को कौन हाथ लगायेगा, पाप लगेगा. मी म्हटलं, पाप माझ्या नावावर टाका. तू बाजूलाच होतीस. म्हणालीस, "तुजं पाप तू घे गो. झाड मना ऱ्हाऊ दे."

गेल्या पावसाळ्यानंतर मनोऱ्याच्या एका बाजूला पोट सुटलं. मी ओळंबा लावून तुला दाखवलं. कंपाउंडच्या मालकाला तिथे उंच इमारत बांधायची आहे, त्याने नोटीस पाठवली की मनोरा धोकादायक आहे. देवळाच्या कमिटीने मला विचारलं, काय करता येईल. मी सांगितलं, वरचा मजला दगड दगड करून, नंबर टाकून उतरवा. पिंपळ मुळापासून मारा. खालचे दोन मजले चुन्याने नीट भरा. सवडीने वरचा परत चढवा. फादरना पटलं. मालकालाही पटलं, आणि इतकं पटकन पटलं की मलाच ते आवडलं नाही.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "उतरवलेला दगड परत चडलेला कोनी बगलाय काय? तुजे नंबर पावसात धुऊन जातील. मग त्या दगडांचं बाकडं करतील लिफ्टजवल."

सेलू, तुझी ही भीती खोटी नव्हती. तुझं दुसरं म्हणणंही साफ चूक नव्हतं. झाड मेलं की आतली मुळं कुजतात, त्यांच्या जागी पोकळ्या होतात, आणि जी भिंत मुळांनी धरली होती ती त्यानंतर बसते. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तुला नुसतं बघून. पण झाड ठेवलं तरी भिंत फुटणारच होती. आपण दोघी बरोबर होतो आणि मनोरा दोन्हीकडून जाणार होता. हेच मला सहन होत नव्हतं, म्हणून मी तुझ्यावर ओरडायचे.

तू होतीस तोवर कमिटी हलली नाही. सेलीनबाई आडवी पडेल, म्हणायचे. तू खरंच पडली असतीस.

मग तू गेलीस. अँजीचं लग्न पुढे ढकलायचं बोलणं झालं, पण हॉल, पाहुणे, सगळं ठरलेलं होतं, आणि तूच तिला वाढवलेलं, तुला ते आवडलं नसतं. बँड नको, नाच नको, साधेपणाने करू, असं ठरलं. उंबराचं पाणी मात्र आणायचंच, असं अँजी म्हणाली. रडत नव्हती. तुझ्यासारखी हनुवटी वर करून म्हणाली.

कंपाउंडवाल्यांनी मनोऱ्याभोवती पत्रे ठोकले होते. फादरनी विनंती केल्यावर एक पत्रा काढून दिला. आम्ही बायका घडे घेऊन आत गेलो, मागून डॉम आला. बँड नसल्यामुळे आमच्या पावलांचाच आवाज येत होता. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला सगळ्याजणी थांबल्या, कारण ती ओळ तूच उचलायचीस. दोर अँजीच्या काकीने माझ्या हातात दिला. म्हणाली, सेलूच्या जागी तू ओढ, नलू. मी तुमच्यातली नाही, तरी दिला. मी घडा सोडला, भरला, वर ओढला. अँजी तो घ्यायला काठाशी वाकली.

आणि वरून दगड आला.

फार मोठा नव्हता. नारळाएवढा असेल. अँजीच्या खांद्याजवळून जाऊन काठावर आपटला आणि घड्याच्या चिंधड्या झाल्या. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण डॉमने तिला असं ओढलं की ती पडली, आणि तो तिच्याशेजारी मातीत बसून तिचं डोकं, हात, मान चाचपत राहिला. बायका मागे सरल्या. एकजण म्हणाली, सेलू रागावली. दुसरी म्हणाली, नाय, सेलूनेच वाचवली. मला दोन्ही पटलं नाही. मुळाच्या बेचक्यातला चुना सुटला होता, म्हणून दगड पडला. तू असल्या कामाला वर जाऊन बसशील, असं मला नाही वाटत.

तेवढ्यात काकी जे बोलली ते मात्र माझ्या काळजात गेलं. ती शांतपणे म्हणाली, "आता पुरे. घरी नलाचं पानी घेऊ. पुडच्या पोरींनापन तेच." सगळ्यांनी माना हलवल्या. एकीनेही वाद घातला नाही. ज्या रितीसाठी तू जन्मभर भांडलीस, ती संपायला एवढंच पुरेसं होतं.

मला तू दिसलीस. त्या कंपाउंडवाल्यांनी एका वर्षी फाटकाला कुलूप घातलं होतं तेव्हाची. तू रिकामा घडा मांडीवर घेऊन भर उन्हात फाटकाबाहेर बसलीस, आणि मॅनेजर समजवायला आला, की मॅडम, आम्ही तुमचा मनोरा कुठे पाडतोय, आत सुरक्षित आहे, तेव्हा तू म्हणालीस, "मानसांनी येवाला पायजे म्हनून तो बांदला. मानसंच नाय आयली तर तो काय कामाचा?" कुलूप निघालं तेव्हाच उठलीस.

मी डॉमला म्हटलं, नळाचं पाणी कुणी घ्यायचं नाही. दुसरा घडा आणा. सगळ्याजणी पत्र्याबाहेर थांबा. मी एकटी परत काठावर गेले आणि घडा भरला. अर्धं पाणी साडीवर सांडलं. भीती वाटत होती, सेलू, खोटं कशाला सांगू. वर बघायचं धाडस झालं नाही. पण अँजीची आंघोळ त्याच पाण्याने झाली.

लग्न पार पडलं. पोरगी छान दिसत होती. तुझा मोत्यांचा सर तिने घातला होता.

मग फादरनी मला आणि डॉमला बोलावलं. मालकाचा माणूसही होता. फादर म्हणाले, निर्णय तुम्ही सांगाल तसा. डॉम माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं की मी तुझ्या वतीने नाही म्हणेन. तुझी जिवलग मैत्रीण, तू जाऊन महिनासुद्धा झालेला नाही, अजून तुझ्या महिन्याची देवळातली प्रार्थना, मिस्सा, व्हायची आहे. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी डोळे पुसले असते आणि मनोरा आणखी एक पावसाळा तसाच राहिला असता.

मी म्हटलं, "पिंपळ काढा. वरचा मजला उतरवा."

बाहेर आल्यावर डॉम एवढंच म्हणाला, "तिला काय वाटंल?" मी त्याला म्हटलं, ती माझ्याशी वर्षभर बोलणार नाही. तो हसला आणि मग रडायला लागला, आणि मीही.

पालिकेची परवानगी आली आहे. पावसाच्या आत काम उरकायचं, म्हणून माणसं या आठवड्यातच येतील. मी तिथे जाऊन उभी राहणार आहे. प्रत्येक दगडावर नंबर मी घालणार, रंगाने नाही, छिन्नीने, म्हणजे पावसात धुऊन जाणार नाहीत. ते दगड डॉमच्या अंगणात रचायचे ठरलंय, तू मसाला वाळत घालायचीस त्या जागी. मालकाच्या लिफ्टजवळ नाही. ते परत चढतील का, मला माहीत नाही. तुला जे वाटायचं तेच मलाही रोज पहाटे वाटतं, की नाही चढणार. पण विहिरीवर पोरी येतील. त्यांच्या डोक्यावर कमान नसेल, मोकळं आभाळ असेल, आणि त्या येतील.

मी चुकलेही असेन. तू असतीस तर मला तसं तोंडावर सांगितलं असतंस, आणि मी तुझ्यावर ओरडून पुन्हा एकदा विचार केला असता. आता माझं म्हणणं खोडायला कुणी नाही. आपलं म्हणणं सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घ्यावं, असं मला किती वर्षं वाटत होतं. फादर ऐकतात, मालक ऐकतो, डॉमसुद्धा ऐकतो. हे असलं जिंकणं मला नकोय, सेलू.

तुझा फोन डॉमने मला देऊ केला होता, आठवण म्हणून. मी नाही घेतला. तो तुझ्याच घरी, तुझ्या बिछान्याजवळ चार्जिंगला लावलेला असतो. माझ्या फोनमधलं तुझं नाव मी काढलेलं नाही.

तू फोन कापलास तेव्हापासून भांडण तसंच उघडं पडलंय, आणि त्यात मी तुझं झाड कापायला सांगून आलेय. आज दुपारी नवऱ्याने पानं घेतली, मला हाक मारली. मी म्हटलं, तू बस, मी मागून बसते. ताट झाकून ठेवलंय. फोन समोर आहे.

मी अजून जेवले नाही गो.